खासगी शाळेतली शिस्त शासकीय वर्गात का चालत नाही?

रामबागकर: मंडळी, इंदूरच्या सीबीएसई शाळेतून शासकीय माध्यमिक शाळेत आल्यावर नेमकं काय बदलावं? सातवीचा वर्ग, पटावर ४८. आधीच्या शाळेत डायरीत शेरा, पालकांची सही आणि शेवटी कोऑर्डिनेटर अशी साखळी होती. इथे डायरीच नाही, पालकांना बोलावलं तर येत नाहीत. मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं वर्ग जागेवर बसत नाही. स्टाफरूममध्ये सल्ला एकच: "दोन ठेवून द्या, घरच्यांचीही हरकत नसते."

खडूफळा: आधी त्या सल्ल्याचं बघू. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई, शाळा सरकारी असो की खासगी. हा कायदा आठवीपर्यंतचा असला तरी पुढे मोकळीक मिळते असंही नाही, कारण बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या सगळ्यांसाठी आहे. घरच्यांची हरकत नसणं हा बचाव होत नाही. कोंबडा करणं, जातीवरून टोमणा मारणं हेही त्यातच आलं.

आता सुट्टीनंतरचा गोंधळ. मध्यान्ह भोजनानंतर अर्धा वर्ग नळावर ताटं धूत असतो, म्हणून मुलं तुकड्या-तुकड्यांनी येतात. अशा वेळी हजेरी घेऊ नका; एकाचं नाव पुकारताना बाकीचे सगळे रिकामे बसतात. सुट्टी व्हायच्या आधीच फळ्यावर दोन गणितं लिहून ठेवा. जो येईल तो वही काढून सुरू करेल. तुम्ही दारात उभे राहा, टेबलाशी नको. मुलं लिहीत असताना डोकी मोजून हजेरी होते.

गडबड करणाऱ्याला लांबून हाक मारली की त्याला प्रेक्षक मिळतात. बोलणं न थांबवता त्याच्या बाकाजवळ जा, वहीवर बोट ठेवा, हळू आवाजात एवढंच: "दुसरं गणित." आणि लगेच पुढे सरका. तिथेच उभं राहिलात की त्याला उत्तर द्यावंच लागतं.

निवृत्त_प्राचार्य: मॉनिटरला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायला सांगा. जुना उपाय आहे, चालतो.

खडूफळा: सर, माफ करा, पण तीन दिवस चालतो. मग मित्रांची नावं गळतात, भांडण झालेल्यांची चढतात, आणि मारामारी शाळेबाहेर होते. मॉनिटरकडे वह्या गोळा करणं, खडू आणणं एवढंच ठेवावं.

पालक_आणि_शिक्षिका: पालक येत नाहीत कारण दुपारी बारा वाजता बोलावलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. संध्याकाळी फोन करा. रजिस्टरमधला नंबर बऱ्याचदा शेजाऱ्याचा किंवा बंद पडलेला असतो. दोन नंबर घेऊन ठेवा. पहिला फोन तक्रारीचा नकोच. तक्रार करायची तेव्हा काय घडलं आणि उद्या काय हवं, दोनच वाक्यं. "मुलगा हाताबाहेर गेलाय" म्हटलंत तर घरी मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी तो गैरहजर. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच किमान ७५ टक्के पालक असतात. त्यातला वस्तीतला एखादा सदस्य नोटीशीपेक्षा जास्त कामाला येतो.

खासगी शाळेत उलटा त्रास. व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचं नाव टाकलं की संध्याकाळपर्यंत पालकांचे दोन गट. ग्रुपवर फक्त सूचना, बाकी समोरासमोर. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना "आरटीईवाले" म्हणून वेगळं बसवायचं नाही, चेष्टेतही नाही.

रामबागकर: आभारी आहे. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी दप्तरात रंग, एरवी मोबाइल. झडती घ्यावी का?

खडूफळा: सगळ्यांसमोर एकाचं दप्तर उपसू नका, काही सापडलं नाही तर वर्ग तुमच्या विरोधात जातो. "जे आहे ते टेबलावर ठेवा, रंग सुट्टीत परत मिळेल, मोबाइल पालकांना" म्हणा. रंग सुट्टीत परत द्या. मोबाइल मात्र बंद करून पाकिटात, पाकिटावर नाव, तारीख, मुलाची सही. पालकांच्याच हातात द्यायचा. आतले फोटो-मेसेज उघडून बघायचे नाहीत.

एक वही वेगळी ठेवा: तारीख, तास, काय घडलं, काय केलं. "उद्धट", "बेशिस्त" असे शब्द नकोत. "पेन फेकला, खिडकीला लागला" असं लिहा. महिन्याभरात दिसेल की निम्म्या नोंदी एकाच तासाच्या आहेत. मग मुलाला नाही, तो तास बदला.