बांबू दिसला की घोडी पळत सुटते, लगाम ओढला की अजून जोरात. काय करू?

नमस्कार सगळ्यांना, मी नागपूरचीच. दीड वर्षापूर्वी रेसमधून निवृत्त झालेली एक थरोब्रेड (रेससाठी पाळतात त्या जातीची) घोडी घेतली, आठ वर्षांची, आम्ही तिला बिजली म्हणतो. सपाट ग्राउंडवर ती इतकी गुणी आहे की आमच्याकडची लहान मुलंसुद्धा तिच्यावर बसून ट्रॉट (दुडकी चाल) करतात. पण उडीसाठी (जंप) स्टँडवर आडवे बांबू लावले की बदलूनच जाते. लांबूनच मान वर, कान मागे, मग धावतच सुटते, मी लगाम ओढला की अजून जोर करते आणि शेवटी एकतर खूप लांबून उडी घेते नाहीतर एकदम ब्रेक मारते. मागच्या महिन्यात अशीच थांबली आणि मी तिच्या मानेवरून पुढे पडले, लागलं नाही फार, पण तेव्हापासून मला पण भीती बसलीय आणि ती तिला कळते हे मला कळतं. उंची काही फार नाही, दोन-अडीच फूटच. एकजण म्हणाले कडक लगाम घाल, दुसरे म्हणाले चाबूक लाव. मला दोन्ही पटत नाहीये, ती वाईट वागत नाहीये, ती घाबरलीय असं मला वाटतं. कोणी असा घोडा शांत केलाय का?

पागेतली_ताई
तुझं बरोबर आहे, घाई म्हणजे भीतीच असते बहुतेक वेळा. त्यात रेसची घोडी म्हणजे तोंडावर वजन आलं की त्यावर टेकून पळायचं हेच तिला लहानपणापासून शिकवलेलं, त्यामुळे तू ओढतेस ते तिला "चल" असंच वाटतं. कडक लगाम घातलास तर पळण्यात तोंडाच्या दुखण्याची भर पडेल, बाकी काही नाही.

पण ट्रेनिंगच्या आधी दुखणं बघ, हे मी पहिल्यांदा सांगते कारण मी स्वतः यात सहा महिने घालवलेत. माझा घोडा उडी नाकारायचा, मी सगळे उपाय केले आणि शेवटी निघालं काय तर खोगीर मानेमागच्या उंचवट्यावर दाबत होतं. काम झाल्यावर खोगीर काढलं की घामाचा डाग बघ, मधेच कोरडा ठिपका राहतोय का, तिथले केस पांढरे व्हायला लागलेत का. पाठीवरून बोटं दाबत ने, कातडी थरथरते का बघ. दात आणि नाल पण. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे नेऊन एकदा नीट तपासून घे. आणि रेसच्या घोड्यांना पोटात अल्सर फार असतात, त्यामुळे रिकाम्या पोटी काम देऊ नको, बसायच्या अर्धा तास आधी थोडं वाळलं गवत खाऊ घाल.

सगळं ठीक निघालं तर उडी विसर काही दिवस. बांबू जमिनीवर ठेव, एकच. चालत जा, चालत ये, थांब, थोपट, परत जा. तिला कंटाळा यायला हवा त्या बांबूचा. मग ट्रॉटवर तीन-चार बांबू, साधारण साडेचार फुटांवर एकेक, पण तिची टाप मोजून घे, प्रत्येक घोड्याचं थोडं वेगळं असतं. ती स्वतःच खाली बघायला लागते, मान खाली येते, पाठ सैल होते. ते दिसलं की शेवटच्या बांबूपासून नऊ फुटांवर अगदी छोटा क्रॉस (दोन बांबू फुलीसारखे) लाव, फूटभराचा. ट्रॉटवरूनच. कँटरचं (ट्रॉटहून वेगाच्या चालीचं) नावही काढू नको.

टांगेवाल्याचा_नातू
ताई, आमच्या घरी आजोबाचे टांगे होते, बर्डीवरून स्टेशनवर चालायचे, घोडे पाहतच मोठे झालो म्हणून सांगतो. घोडी भ्याली का मारू नका. मारलं तं तिले वाटते का बांबूपाशी गेलं का मार पडते, मंग ती बांबूलेच भिते अजून. आणि तुम्ही लगाम धरून श्वास रोखता का ते पाहा. आजोबा म्हणायचे गाणं म्हणत हाका, कारण गाणं म्हणता म्हणता श्वास कोंडताच येत नाही माणसाले. मी अजून म्हणतो.

दुसरं, खुराक पाहा. चणे आणि ओट्स भरपूर अन दिवसभर ठाणावर उभी, मंग ते अंगातलं कुठं जाईल? दाणा कमी, गवत जास्त, अन मोकळं सोडा रोज.

अडथळा_शर्यत_प्रेमी
एक प्रश्न, तुझे बांबू कोणत्या रंगाचे आहेत? घोड्याला आपल्यासारखे सगळे रंग दिसत नाहीत, निळा-पिवळा कळतो पण लाल-केशरी त्याला हिरवळीत उठून दिसत नाही. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीतले केशरी भाग पांढरे करायला 2022 मध्ये सुरुवात केली ती याच कारणाने. शिवाय नाकासमोर अगदी जवळचं त्याला दिसत नाही, म्हणजे उडीच्या क्षणी तो आधी बघितलेल्यावर विश्वास ठेवून उडतो, म्हणून मान मोकळी हवी, तू ती ओढून धरलीस की तिचं बघणंच बिघडतं. जंपच्या थोडं अलीकडे जमिनीवर एक बांबू ठेव, अंतराचा अंदाज येतो. आयाळ धर, किंवा मानेभोवती एक पट्टा बांध आणि तो धर, म्हणजे घोडी उडाली की तोंडाला हिसका बसत नाही. ज्या घोडीला उडताना दरवेळी तोंडात हिसका बसलाय ती पळणारच.

पागेतली_ताई
रंगाचं बरोबर. आणि ग्राउंड बघ ना, आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, उतरताना पायाला झणका बसतो. वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकलेल्या जागीच उडव, आणि मे मध्ये पहाटे सहाच्या आत आटप. आठवड्यात दोनदा, वीस मिनिटं, आणि दोन शांत उड्या मिळाल्या की तिथेच उतर, तिसरीचा मोह धरू नको.

प्रश्नकर्ती
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहितेय. खोगीर खरंच डाव्या बाजूला दाबत होतं, डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा रडायला आलं मला, इतके दिवस ती सांगत होती आणि मी लगाम ओढत होते. आता दुसरं खोगीर आहे, दाणा कमी केलाय, बांबू पांढरे रंगवले. अजून फक्त जमिनीवरचे बांबू चाललेत, काल पहिल्यांदा चार बांबूंवरून ट्रॉट करताना तिने मान खाली टाकली आणि नाकातून लांब फुर्रर्र केलं. मी तिथेच उतरले आणि तिला गवतावर सोडलं. क्रॉस पुढच्या आठवड्यात लावेन, किंवा त्याच्या पुढच्या.