नवा माउथपीस: दहा मिनिटांत निकाल लागतो का?

मंद्रवेडा (धागाकर्ता)
बास क्लॅरिनेटला (खर्जातलं मोठं क्लॅरिनेट) नवा माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, लावला आणि पहिल्याच फुंकेत खर्ज असा घुमला की खोली भरून गेली. टिप, म्हणजे टोकाशी रीडसमोरची फट, आधीच्यापेक्षा बरीच उघडी आहे. वरची पट्टी अडखळायची, तीही सुटली. दहा मिनिटांत निर्णय झाला. या वाद्यात पैसा घालायचा तर माउथपीसवरच, बाकी सगळं दुय्यम.

तळसूर
असहमत, आणि ‘दहा मिनिटांत’ वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

रीड (माउथपीसवर बांधलेली, फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी) कोणती लावलीत? उघड्या टिपला मऊ रीड लागते, बंद टिपला कडक. जुनी रीड जुन्या माउथपीसच्या वळणाला सरावलेली असते. तीच नव्यावर चढवलीत तर परीक्षा कशाची झाली? कोरी काढली असेल तर एका दमात दोन गोष्टी बदलल्या. मग श्रेय माउथपीसला कोणत्या हिशेबाने?

खर्ज घुमला, पण कुणाच्या कानात? वरचे दात माउथपीसवर टेकलेले असतात, कंप हाडांतून थेट आत जातो. समोर बसलेल्याला त्यातलं काही मिळत नाही. वर, माउथपीसची पोकळी मोठी असेल तर वरचे सूर खालच्यांपेक्षा जास्त उतरतात. हे घुमण्याच्या आनंदात कळत नाही, ट्यूनर समोर ठेवला की कळतं.

आणि वरची पट्टी! दुहेरी रजिस्टर यंत्रणेत (वरच्या पट्टीत नेणारी दोन भोकं) उजवी अनामिका उचलली की एक भोक मिटून दुसरं उघडतं. तिथलं पॅड (भोक झाकणारी गादी) जरा जरी गळत असेल तरी सूर अडखळतो. आधी गळती तपासा. माझ्या ओळखीतल्या एकाने माउथपीसवर माउथपीस घेतले, आणि दोष निघाला एका पॅडचा.

मंद्रवेडा
तुमच्या ओळखीतल्याचं पॅड गळत होतं म्हणून माझंही गळतं? वाद्य नुकतंच दुरुस्तीहून आलंय. आणि कानावर विश्वास नाही म्हणता, तर दोन्ही माउथपीस फोनवर रेकॉर्ड करून ऐकले आहेत. फरक ढळढळीत आहे.

अर्धासूर
फोनवर? सर्वात खालचा लिखित ई फ्लॅट साधारण ६९ हर्ट्झला वाजतो, खालच्या सीपर्यंत जाणारं वाद्य असेल तर ५८. फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. तुम्ही ऐकलेत ते वरचे अंशस्वर (मूळ सुरात मिसळलेले उंच सूर), खर्ज मेंदूने भरून घेतला. शिवाय फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो, म्हणजे कोणता मोठा वाजला हेही त्यावरून ठरत नाही.

काळाएबोनाइट
मुख्य प्रश्न कुणी विचारतच नाही. माउथपीस कशाचा आहे? एबोनाइटची (कडक केलेलं रबर) ऊब क्रिस्टलला (काच) येत नाही. मी दोन्ही वाजवलेत. क्रिस्टल थंड लागतो, सूरही थंड.

अर्धासूर
पुन्हा तेच! १९७१ साली जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या बासऱ्या एकसारख्या मुखभागासह वाजवून घेतल्या. ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. आतला आकार ठरवतो, पदार्थ नाही.

काळाएबोनाइट
बासरीला रीड असते का? इथे रीड माउथपीसच्या कडांवर आपटते, दात वर टेकतात. बासरीचा प्रयोग आणून आमच्या तोंडावर फेकू नका. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांच्या कानाला काही किंमत आहे की नाही?

अर्धासूर
किंमत आहे, पण डोळे बांधून सांगा कोणता कोणता ते. दोन क्रिस्टलसुद्धा आतून वेगळे कोरलेले असतात. तुम्ही पदार्थाची तुलना केलीच नाहीत, दोन वेगळ्या आकारांची केलीत.

काळाएबोनाइट
डोळे बांधले तरी दातांना कळेल. एबोनाइट उन्हात हिरवट पडतो, गरम पाण्याने बिघडतो, तरी आम्ही त्याला जपतो ते उगाच नाही.

तळसूर
दातांना कळतं, हे मान्य. तोच तर माझा मुद्दा! वाजवणाऱ्याला जाणवतं ते खरं असतं, त्याने फुंक बदलते, आणि फुंक बदलली की सूरही बदलतो. पण त्यावरून श्रोत्याला काय मिळालं ते सिद्ध होत नाही. पदार्थाचा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या, कृपया.

नवखी_फुंक
मी सोप्रानोवरून, म्हणजे नेहमीच्या छोट्या क्लॅरिनेटवरून, आले. तिथल्यासारखं चावून धरत होते, त्यामुळे उघड्या टिपवर सूर सारखा चिरकायचा. शिक्षकांनी जबडा सैल करायला लावला आणि जुनाच माउथपीस गाऊ लागला. म्हणून मला तळसूर यांचं पटतं.

मंद्रवेडा
म्हणजे माउथपीसने काहीच होत नाही? मग जगभर इतके प्रकार बनतात कशाला? रीडबद्दलचं तेवढं मान्य करतो: कोरी रीड होती. पण जुन्या माउथपीसवर तीच रीड घोगरी वाजली, हेही लिहून ठेवा.

तळसूर
काहीच होत नाही असं मी कुठे म्हटलं? होतं, खूप होतं, म्हणूनच नीट तपासा म्हणतोय. दोन्ही टिपना साजेशा वेगवेगळ्या रीड घ्या, त्या रुळू द्या. मग अगदी हळू आवाजात खर्जातून वर चढा. मोठ्याने सगळेच माउथपीस चांगले वाजतात, खरी ओळख हळू सुरुवात करताना पटते. कुणाला तरी खोलीच्या टोकाला पाठमोरं बसवा आणि कोणता लावलाय ते सांगू नका.

मंद्रवेडा
बसवतो. पण निकाल माझ्या बाजूने लागला तर इथेच लिहीन, आणि तेव्हा पॅडचं नाव काढायचं नाही.