काहीच करत नसताना आयडीई प्रोसेसर खातो, तोही अधूनमधून. पकडायचा कसा?

अंबाझरी_काठ

नमस्कार मंडळी, नागपुरातून लिहिते आहे. लिनक्स लॅपटॉप, ४ कोर, ८ थ्रेड, १६ जीबी रॅम. जावावर चालणारा आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) दिवसभर उघडा असतो आणि टर्मिनलमध्ये माझा स्प्रिंग बूटचा सर्व्हर सुरू असतो. कीबोर्डला माझा हातही लागलेला नसतो, मी स्वयंपाकघरात असते, आणि तिकडून लॅपटॉपचा पंखा सुसाट सुटल्याचा आवाज येतो. धावत येऊन टॉप (कोण किती प्रोसेसर खातो ते दाखवणारी आज्ञा) उघडावं तर आकडा उतरलेला. एकदा सापडला तेव्हा आयडीईच्या प्रोसेससमोर ३८० टक्के दिसले, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात पुन्हा २-३ टक्के.

जो तो एकच सांगून राहिला आहे: नवतपा सुरू आहे, पारा ४५ वर आहे, मशीन तापणारच. मला हे पटत नाही. उन्हानं लॅपटॉप तापेल, पण प्रोसेसरला काम कोण देतं? कॅश साफ केली, आयडीई पुन्हा टाकला, फरक नाही. दुरुस्तीवाले थर्मल पेस्ट बदलू म्हणतात. मला आधी कारण कळायला हवं, कारण माझं सगळं काम याच एका मशीनवर आहे. बघायला गेलं की जे थांबतं, ते पकडायचं कसं?

झिरोमाईल

ताई, तुमची शंका बरोबर आहे. उन्हाचा भाग आहे, पण वेगळ्या जागी. खोली तापलेली असली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपली गती कमी करतो. मग हिवाळ्यात १५ सेकंदांत उरकणारं काम मे महिन्यात ४० सेकंद चालतं, आणि तेवढा वेळ टॉपमध्ये आकडा चढलेला दिसतो. म्हणजे उन्हानं काम लांबतं, नवं तयार होत नाही. पेस्ट बदलून पंख्याचा आवाज कमी होईल, कारण मात्र तिथंच राहील.

३८० टक्क्यांनी घाबरू नका. टॉप एका थ्रेडचे १०० धरतो, तुमच्याकडे ८ आहेत, म्हणजे कमाल ८००. जवळपास चार थ्रेड पूर्ण भरलेले होते, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न आहे की आयडीईच्या आतल्या कोणत्या कामांनी ते भरले. त्या कामांनाही थ्रेडच म्हणतात.

धावत येऊन बघणं सोडा. सिसस्टॅट पॅकेजमधला पिडस्टॅट, म्हणजे प्रोसेसची नोंद ठेवणारा प्रोग्राम, लावा. त्याला आयडीईचा प्रोसेस क्रमांक द्या, थ्रेडनिहाय दाखवण्याचा टी हा पर्याय द्या, दर ५ सेकंदांनी नोंद घ्यायला सांगा आणि सगळं एका फाइलमध्ये वळवा. मग खुशाल स्वयंपाकघरात जा. संध्याकाळी फाइल उघडली की वेळ आणि थ्रेड दोन्ही हातात येतात. थ्रेडची नावं १५ अक्षरांवर कापलेली दिसतात, तरी ओळखू येतात. जीसी किंवा जी१ नं सुरू होणारी नावं मेमरी साफ करणाऱ्यांची. सी२ कंपायलरवाला (जावाचा कोड वेगवान करणारा) थ्रेड सुरुवातीच्या काही मिनिटांत तापला तर तो आपलं नेहमीचं काम करतो आहे, त्याच्या मागे लागू नका.

नावावरून कळलं नाही तर पंखा सुटलेला असतानाच जेस्टॅक (त्या क्षणी कोणता थ्रेड काय करतो आहे ते दाखवणारी जावाची आज्ञा) घ्या, पाच-पाच सेकंदांच्या अंतरानं तीन वेळा. थ्रेडचा क्रमांक टॉपमध्ये दशमानात असतो आणि जुन्या जावाच्या जेस्टॅकमध्ये षोडशमानात, त्यामुळे ४७१८ शोधायचा असेल तर तिथं १२६ई शोधा. नव्या जावामध्ये तो सरळ दशमानातच येतो. तिन्ही वेळा तोच थ्रेड त्याच कामात दिसला की झालं.

सदरवाला

भाऊ, एवढं कशाला? हीप, म्हणजे आयडीईला दिलेली मेमरी, वाढवा. बहुतेक ७५० एमबीवर असेल, २०४८ करा, सुटतो प्रश्न. माझ्याकडे तेवढ्यानंच शांत झालं.

झिरोमाईल

सुटेल, पण काही आठवड्यांसाठी. हीप कशानं भरतो आहे ते बघितलं नाही तर २०४८ पण भरेल. ताई, हीपला हात लावण्याआधी नोंद घ्या, नाहीतर दोन गोष्टी एकदम बदलतील आणि कशानं फरक पडला ते कळणार नाही.

अंबाझरी_काठ

नोंद घेतली, आणि फाइल उघडल्यावर थ्रेडच्या आधी वेळेकडेच लक्ष गेलं. ज्याला मी अधूनमधून म्हणत होते ते अगदी घड्याळ लावून घडतं: पूर्ण तास, सव्वा, साडे, पावणे. मधल्या वेळात आयडीई गप्प असतो. खोलीतला कूलर सुरू असला की मला लॅपटॉपचा पंखा ऐकूच येत नव्हता, म्हणून एरवी कळलं नाही.

दर १५ मिनिटांनी माझ्याकडे एकच गोष्ट होते. आमचं काम वाहतुकीच्या हिशेबाचं आहे. सर्व्हरमधलं ठरावीक वेळेचं काम प्रत्येक गाडीची एक जेसॉन फाइल लिहितं, अशा हजारो. त्या जातात प्रोजेक्टच्याच आतल्या फोल्डरमध्ये, रोजच्या तारखेचा नवा फोल्डर होऊन, आणि जुने तिथंच राहतात. आयडीईला त्या नव्या फाइली दिसतात आणि तो प्रत्येकीची अनुक्रमणिका (इंडेक्स) बनवायला बसतो.

थ्रेडही तसेच निघाले. आधी थोडा वेळ इंडेक्सिंगचे, मग बराच वेळ जीसीचे. जेस्टॅटमध्ये (जावाच्या मेमरीचे आकडे दाखवणारी आज्ञा) बघितलं तर ओ या रकान्यात, म्हणजे जुन्या पिढीच्या मेमरीत, ९६ टक्के भरलेले, आणि एफजीसीचा, म्हणजे संपूर्ण साफसफाईचा आकडा प्रत्येक पाव तासाला वाढलेला. जागाच नसल्यामुळे तो झाडत बसतो, थोडी मोकळी करतो आणि पुढच्या फाइलींनी ती परत भरते. सदरवाला दादा, हीप लहान होता हे तुमचं खरं आहे, ७५० च होता. पण तो भरत होता या फाइलींनी.

काल तो फोल्डर आयडीईमध्ये वगळलेला म्हणून खूण केला. हीप तसाच ठेवला. आज दिवसभराच्या नोंदीत पाव तासाचा एकही डोंगर नाही. ओ रकाना ६० च्या आसपास आहे आणि एफजीसी हललेला नाही. बाहेर ऊन कालच्याइतकंच आहे.

झिरोमाईल

उत्तम नोंद. आता फाइली लिहिण्याची जागाच प्रोजेक्टच्या बाहेर न्या. वगळण्याची खूण तुमच्या मशीनपुरती असू शकते, आणि टीममध्ये दुसऱ्या कुणी तोच प्रोजेक्ट उघडला की त्यांच्याकडे हेच सुरू होईल.

आणखी एक तपासा. एवढे फोल्डर साचले असतील तर आयनोटिफायची (फोल्डरमधल्या बदलांची खबर देणारी लिनक्सची सोय) मर्यादा, म्हणजे किती जागांवर लक्ष ठेवता येतं तो आकडा, बघा. जुन्या कर्नलमध्ये ती प्रत्येक वापरकर्त्याला ८१९२ असायची. ती संपली की आयडीईला बदलांची खबर आपोआप मिळत नाही आणि तो फोल्डर पुन्हा पुन्हा चाळत बसतो. तोही असाच रिकाम्या वेळी प्रोसेसर खातो.

अंबाझरी_काठ

मर्यादा बघितली, कर्नल नवा आहे, आकडा लाखांत आहे, तिकडून अडचण नाही. फाइलींचा मार्ग कॉन्फिगरेशनमधून बदलून प्रोजेक्टच्या बाहेर नेला आणि टीमला कळवलं. आमच्यातल्या एकीचा लगेच फोन आला, तिच्याकडेही पंखा असाच सुटायचा आणि तिनं नवा लॅपटॉप बघायला सुरुवात केली होती. तिला पिडस्टॅटची फाइल तयार करायला सांगितलं आहे. तिचा हीप २०४८ आहे, त्यामुळे तिथं जीसी किती आणि इंडेक्सिंग किती ते वेगळं दिसेल. आकडे आले की इथंच टाकते.