लेखनिकासाठीचा अर्ज कुणी करायचा, मुलाने की आई-वडिलांनी?

परीक्षाविभागवाला: नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कॉलेजात परीक्षेचं काम बघतो. दर सत्राला ठरलेलं चित्र: लेखनिक, म्हणजे अपंग विद्यार्थ्याचा पेपर लिहून देणारा माणूस, हवा म्हणून वडील टेबलापाशी, पोरगा मागे भिंतीला टेकून. "पेपर तू वाचतोस की वाचून दाखवायला लागतो?" असं त्याला विचारलं की उत्तर वडिलांकडून येतं. पोरगा एस. वाय. बी. कॉम.ला! माझं स्पष्ट मत, बारावीनंतर अर्ज विद्यार्थ्यानेच लिहावा आणि बोलायलाही त्यानेच यावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, पण याच्या डोळ्याला कोणता फॉन्ट झेपतो ते कायदा कसं सांगणार? आणि वेळेत यावं. लेखनिकाला दोन दिवस आधी भेटायची मुभा असते; पेपरच्या आदल्या संध्याकाळी उगवल्यावर आम्ही माणूस कुठून आणायचा?

सातपूरची आई: माझ्या मुलीला कमी दिसतं. ती एकटी गेली तेव्हा आधी सिव्हिलचा दाखला मागितला, तो दिल्यावर मूळ प्रत, तीही दाखवल्यावर "साहेब नाहीत". दुसऱ्या दिवशी मी तेच कागद घेऊन गेले, दहा मिनिटांत सही. आता सांगा, पोरांना मागे उभं राहायला कुणी शिकवलं? आम्ही की तुमच्या टेबलाने?

परीक्षाविभागवाला: ताई, असं होतं, नाकारत नाही. म्हणून तर अर्ज लेखी द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायची. तोंडी विनंती साहेबांबरोबर रजेवर जाते.

निम्माशिम्मा वकील: पोच घेऊनही "अपंगत्व ४० टक्के नाही, लेखनिक मिळणार नाही" हे ऐकावं लागतंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. अर्जात हे लिहा.

सातपूरची आई: म्हणजे आता पेपरच्या अभ्यासासोबत खटल्यांचाही अभ्यास? बाकीच्या मुलांना हॉल तिकीट पुरतं.

निम्माशिम्मा वकील: अन्याय आहेच. पण न बोलण्याची किंमतही बघा. २०२१ च्या नीटमध्ये डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्यात अडचण, असलेल्या मुलीला पेपरसाठीचा एक तासाचा जादा वेळ नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने चूक परीक्षा घेणाऱ्यांचीच ठरवली, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. गेलेला तास गेलाच. भांडायचं ते पेपरच्या आधी.

पंचवटीकर०७: खोटे दाखले काढणाऱ्यांबद्दलही बोला की कुणीतरी. सवलत म्हटलं की रांग लागते.

निम्माशिम्मा वकील: खोटेपणाने लाभ घेतला तर त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम ९१ आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यासाठी खऱ्या मुलाकडे संशयाने बघायची गरज नाही.

चाकावरचा: मी व्हीलचेअर वापरतो, नाशिकरोडला राहतो. काकूंशी माझं पटत नाही. आई बोलायला लागली की ऑफिसात सगळे माझ्या डोक्यावरून बोलतात, माझ्या विषयाचं नावसुद्धा तिलाच विचारतात. पण सर, तुमचंही पटत नाही. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत उच्च शिक्षणासाठी अपंगांना निदान ५ टक्के जागा राखीव असतात, माझा प्रवेश त्यातलाच. म्हणजे मी कसा येणार हे कॉलेजला पहिल्या दिवसापासून माहीत. तरी पहिलं प्रॅक्टिकल तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टची किल्ली शिपाईमामांच्या खिशात. अर्ज कशाकशाचा करू? किल्लीचा? बाथरूमच्या उंबऱ्याचा? वर्गमित्र दोघं-चौघं उचलून नेतात, प्रेमाने नेतात, मला ते नको असतं.

परीक्षाविभागवाला: वेळापत्रक माझ्याकडे नाही. तरीही विचारतो, वर्ग खाली आणा असं विभागप्रमुखांना लिहून दिलंत?

चाकावरचा: दिलं. पोच आहे. वर्ग खाली आला, लॅब आली नाही. आता लॅबसाठी दुसरा अर्ज, आणि तो मीच करतोय. एवढंच म्हणतो की प्रवेशाच्या फॉर्मसोबत "तुम्हाला काय लागेल?" हा कागद कॉलेजने स्वतःहून द्यावा. मी भरीन, खाली सही माझी.

सातपूरची आई: असा कागद असेल तर मी गेटबाहेर थांबते. तो मोठ्या अक्षरात छापा म्हणजे झालं.

परीक्षाविभागवाला: कागदाचा मसुदा पाठवा चाकावरचे, प्राचार्यांपुढे ठेवतो. पण आदल्या संध्याकाळी येणाऱ्यांबद्दलचं माझं मत तेच आहे.