कलर लेझर प्रिंटर: ठरावीक अंतराने गुलाबी ठिपका, सपोर्टला काय सांगावं?

प्रश्न: प्रत्येक पानावर सारख्या अंतराने मॅजेन्टा ठिपका उमटतो. क्लीनिंग पेज काढूनही फरक नाही. सपोर्टवाले ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरचं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकायला सांगतात. वॉरंटी चालू आहे. पुढे काय करावं?

उत्तर १: ड्रायव्हरचा संबंध नाही. प्रिंटरच्या मेनूमधूनच कॉन्फिगरेशन पेज (प्रिंटरच्या सेटिंगची माहिती देणारं पान) काढा. त्यावरही ठिपका आला, तर कॉम्प्युटर बाजूला पडतो. मग दोन ठिपक्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. ते दोषी रोलरच्या परिघाएवढं असतं. ड्रमचा (ज्यावर चित्र तयार होऊन कागदाकडे जातं तो रोलर) व्यास २४ मिमी असेल तर साधारण ७५, ३० असेल तर ९४. तुमच्या मॉडेलची अंतरं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील.

उत्तर २: एकाच रंगात दोष आहे, म्हणजे फ्यूजरवर (टोनरची पूड उष्णतेने कागदावर पक्की करणारा भाग) संशय कमी, तो चारही रंगांना सारखाच लागतो. मॅजेन्टाचा ड्रम बघा. काही मॉडेलमध्ये तो कार्ट्रिजमध्येच असतो, काहींत वेगळा. बाहेर काढलात तर कापडाने झाका, उजेडाने खराब होतो. पृष्ठभागाला बोट लावू नका. आणि सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने अजिबात ओढू नका, बारीक पूड फिल्टरमधून हवेत येते.

उत्तर ३: तक्रार लेखी करा. सिरीयल नंबर, फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आवृत्ती, पेज काउंट, मोजलेलं अंतर आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला पानाचा फोटो द्या. तक्रार क्रमांक घ्या. कार्ट्रिज मूळ कंपनीचं आहे का, हे ते विचारतीलच. सप्लाइज पेज (कार्ट्रिजची माहिती देणारं पान) सोबत जोडा.