चीनच्या उत्तम चहात विशेष काय असते?

साखरपेठकर :
सोलापुरात आमचा टॉवेल विणण्याचा व्यवसाय आहे. यंत्रे पाहण्यासाठी चीनला गेलेल्या धाकट्या भावाने हांगचौहून लोंगचिंग चहाचा लहानसा डबा आणला. पाने चपटी व गुळगुळीत असून त्यांना भाजक्या हरभऱ्यासारखा वास येतो. नेहमीप्रमाणे दूध-साखर घालून उकळला, तर वास पार गेला आणि कडवटपणा तेवढा उरला. हा चहा कशामुळे नावाजला जातो, कुठे पिकतो आणि कसा करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कोवळे_पान :
झाड आपल्याकडच्या चहाचेच. फरक पडतो तो जागेने, हंगामाने आणि पान हाताळण्याच्या रीतीने. लोंगचिंग हा चच्यांग प्रांतात, हांगचौच्या पश्चिम सरोवराजवळच्या टेकड्यांवर पिकतो. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण येतो आणि त्याआधी खुडलेले कोंब सर्वांत मोलाचे मानतात, कारण थंडीत सावकाश वाढलेल्या कोंबात गोडसर चव देणारी अमिनो आम्ले अधिक आणि तुरट द्रव्ये कमी असतात. ही पाने तापलेल्या कढईत तळहाताने दाबत परततात. उष्णतेमुळे पान काळवंडण्याची क्रिया थांबून ते हिरवे राहते, दाबामुळे चपटे होते, आणि आपण म्हणता तो भाजका वासही तिथलाच. दूध पेलणे हे आसामच्या सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून गोळीदार केलेल्या, दाण्याचे काम आहे, या पानाचे नव्हे. काचेच्या पेल्यात 3 ग्रॅम पानांवर साधारण 80 अंशांचे 150 मिलिलिटर पाणी ओतून दोन मिनिटे थांबावे. बोअरचे जड पाणी मात्र कटाक्षाने टाळावे, त्यात चव दबते.

डोंगरवाट :
वरील माहिती योग्य आहे, परंतु कोवळे तेच श्रेष्ठ, असा समज होऊ नये. फूच्येन प्रांतातील वुयी डोंगरात, खडकांच्या कपारींत वाढणाऱ्या ऊलोंग चहासाठी मुद्दाम जून पाने खुडतात आणि अर्धवट आंबवून निखाऱ्यांवर भाजतात. तेथील दा होंग पाओ या चहाची सहा मूळ झुडपे आजही जपलेली असून 2006 पासून त्यांची तोडणी बंद आहे. युन्नान प्रांतातील पुअर नावाचा चहा तर वड्या करून वर्षानुवर्षे मुरवतात. माझ्या मते चिनी चहाचे खरे वैभव या विविधतेत आहे.

साखरपेठकर :
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी फिल्टरचे पाणी उकळून, थोडे निववून ओतले. पाने आधी वर तरंगली, मग एकेक उलगडत तळाशी उभी राहिली. पाणी जेमतेम पिवळसर झाले होते, पण भाजका वास पूर्ण टिकून होता. आईने साखर मागितली नाही. त्याच पानांवर दुसरे पाणी मात्र आवर्जून ओतायला सांगितले.