अनुभव धागा : कारच्या लांबच्या प्रवासात लहान मुलांना कसे रमवावे?

आमची मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची आहे. गेल्या महिन्यात तिच्यासह पाच तासांचा प्रवास केला, तेव्हा मी पिशवीभर खेळणी बरोबर घेतली होती आणि निघतानाच ती सारी तिच्या मांडीवर आणि आजूबाजूला मांडून ठेवली होती. पंधरा-वीस मिनिटांत ती सगळी सीटखाली गेली, कारण तिला खेळण्यांशी खेळण्यापेक्षा ती खाली टाकण्यात आणि मी वाकून उचलण्यात अधिक गंमत वाटत होती. पुढचे सारे तास तिची किरकिर, पट्ट्यातून खांदे सोडवून घेण्याची धडपड आणि आमची घालमेल यांतच गेले. पोहोचलो तेव्हा रडून रडून तिचा आवाज बसला होता. त्या प्रवासाचा विचार आम्ही तिच्या बाजूने केलाच नव्हता, याची बोच मला अजून आहे.

ज्यांनी एक ते तीन वर्षांच्या मुलांबरोबर असे प्रवास केले आहेत, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. मुलाचे वय काय होते आणि शेजारी कोणी बसले होते की चालवणारी व्यक्ती एकटीच होती, हे कळले तर अधिक उपयोग होईल. जे फसले तेही अवश्य लिहावे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते : गाडी चालू असताना मुलाला कार सीटमधून, म्हणजे गाडीत बसवलेल्या लहान मुलांच्या पट्टेवाल्या खास आसनातून, काढून मांडीवर घेणे हा पर्याय आम्ही विचारात घेत नाही, कारण जोरात ब्रेक लागला तर हातांच्या बळावर मूल धरून ठेवता येत नाही.

मुलगा दोन वर्षांचा, मी मागे शेजारी बसते

आपण केलेली चूक मीही केली होती. सगळे एकदम समोर आले की मुलाला काहीच नवे उरत नाही. आता पिशवी माझ्या पायाशी असते, त्यातून एका वेळी एकच वस्तू बाहेर येते आणि तिच्यातला रस संपला की ती परत आत जाते. तासाभराने तीच वस्तू पुन्हा काढली तरी तो तिच्याकडे नव्याने पाहतो.

मात्र सर्वांत जास्त वेळ टिकलेला खेळ खेळण्यांचा नाहीच. मी जुने सुती रुमाल घेते, प्रत्येकात एखादी ओळखीची वस्तू ठेवते, जसे त्याचा पायमोजा किंवा मऊ चेंडू, आणि वर सैलशी गाठ मारते. तो दोन्ही हातांनी रुमाल दाबून आत काय आहे ते आधी चाचपतो, मग गाठीचे एक टोक चिमटीत धरून ओढतो, ते निसटते, पुन्हा धरतो. जीभ किंचित बाहेर आलेली असते आणि श्वाससुद्धा रोखलेला असतो. एका गाठीला पाच-सात मिनिटे सहज जातात, आणि या वयाच्या मुलाच्या हिशेबाने हा वेळ फार मोठा आहे. गाठ सुटली की मी ती पुन्हा बांधते. मोठ्यांना कंटाळा येतो, त्याला येत नाही.

वस्तू खाली पडू नये म्हणून काही जण ती दोरीने सीटला बांधतात. तसे करायचे झाल्यास दोरी वीतभरापेक्षा लांब नसावी, कारण लांब दोरी गळ्याभोवती गुंडाळली जाण्याचा धोका असतो. जड आणि टणक खेळणीही गाडीत घेऊ नयेत, कारण ब्रेक लागताच सुटी वस्तू वेगाने पुढे फेकली जाते.

मुलगी अडीच वर्षांची, गाडीत आम्ही दोघेच

आठवड्यातून एकदा मी मुलीला घेऊन दोन तासांचा प्रवास करतो. मी गाडी चालवत असल्याने माझ्याकडे देण्यासारखा फक्त आवाज असतो, आणि तेवढा पुरतो हे मला अनुभवाने कळले. "आता आपण डावीकडे वळणार", "पुढे मोठा ट्रक आहे, तो किती हळू चालला आहे" असे मी रस्त्याचे वर्णन करत जातो. गाडी का थांबली, कशासाठी वळली, हे आधी कळले की तिची अस्वस्थता बरीच कमी होते. त्यानंतर गोष्ट. गोष्टीतल्या मुलीचे नाव तिचेच असते आणि माझ्या मुलीने सकाळी उठल्यापासून जे केले तेच ती करते; मी मधेच चूक करतो आणि ती मोठ्याने "नाही!" म्हणून ती दुरुस्त करते. एवढ्याशा गोष्टीवर आमचा अर्धा तास जातो.

पडलेली वस्तू उचलण्यासाठी मी कधीही मागे वळत नाही. सुरुवातीला ती खूप रडली. मी प्रत्येक वेळी "गाडी थांबली की देतो" एवढेच म्हणायचो आणि थांबल्याबरोबर न विसरता द्यायचो. तीन-चार प्रवासांनंतर ती स्वतःच "थांबल्यावर" असे म्हणू लागली. वचन पाळले जाते हे मुलाला कळले पाहिजे, तरच ते वाट पाहते.

मुलगा दोन वर्षे आठ महिन्यांचा

माझा अनुभव फसलेल्या प्रयत्नाचा आहे. मुलाला पुस्तकांची आवड म्हणून मी त्याच्या हातात चित्रांची पुस्तके दिली. तो अगदी शांत बसून पाने उलटत होता, म्हणून मी समाधानात होते. त्याने दोन-तीन जांभया दिल्या, चेहरा पांढुरका पडला, आणि मला वाटले की त्याला झोप येते आहे. काही क्षणांत त्याला उलटी झाली.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांच्या आतील मुलांत क्वचित दिसतो आणि दोन ते बारा या वयात सर्वाधिक असतो, हे मला नंतर समजले. कानाच्या आतील भाग शरीर हलत असल्याचे सांगतो, पण डोळे मांडीवरच्या स्थिर पानावर खिळलेले असल्याने वेगळेच सांगतात, आणि या विसंगतीतून मळमळ होते. मोबाइलच्या पडद्यानेही हेच होते. तेव्हापासून आमचे सगळे खेळ खिडकीबाहेरचे असतात : लांबचे झाड, ढग, लाल गाडी शोधणे. खिडकी थोडी उघडी ठेवते. आणि मूल एकदम गप्प झाले की आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहते.

मुलगा चौदा महिन्यांचा, मागे तोंड करून बसतो

मागे तोंड असलेल्या कार सीटवरील मुलाला समोर केवळ गाडीच्या सीटची पाठ दिसते, हे मी एकदा तिथे डोके नेऊन पाहिले तेव्हा लक्षात आले. आम्ही त्या पाठीवर घरातल्या माणसांच्या चेहऱ्यांचे मोठे छायाचित्र कापडावर छापून घट्ट शिवून टाकले. तो त्याच्याशी बोलतो. कंटाळा येतो म्हणून लहान वयात सीटचे तोंड पुढे फिरवणे, किंवा एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर तशी सीट लावणे, या दोन्ही गोष्टी कृपया कोणी करू नयेत.

नात एकवीस महिन्यांची

मी आजी आहे आणि माझी जागा नातीशेजारी ठरलेली असते. माझ्याकडे बोटांचे खेळ आहेत. बोटे तिच्या पावलावरून चालत गुडघ्यापर्यंत येतात, थांबतात, आणि ती पुढे कधी येणार याची वाट पाहताना तिचे सारे अंग आक्रसते. पदराआड चेहरा लपवणे अजूनही चालते. खाऊ मात्र मी चालत्या गाडीत गोल किंवा कडक देत नाही, कारण घशात अडकला तर वेळेवर मदत करता येत नाही.

मुलगी तीन वर्षांची

आम्ही पडदा, म्हणजे मोबाइलसारखी स्क्रीन, वापरतो, हे स्पष्टपणे लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा देऊ नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एका तासापेक्षा अधिक देऊ नये, कमी दिलेला बरा. सुरुवातीलाच पडदा दिला की तो काढून घेताना होणारा आकांत उरलेला प्रवास खातो, म्हणून आम्ही तो शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवतो. त्याआधी ध्वनिमुद्रित गोष्टी ऐकवतो. त्यांतल्या काही तिच्या आत्याच्या आवाजात आहेत, आणि त्याच ती पुन्हा पुन्हा मागते.

दोन भाचरांची मावशी

मुलांना रमवण्याचे निम्मे काम गाडीबाहेर होते, असे माझे ठाम मत आहे. दर दोन तासांनी आम्ही सुरक्षित जागी थांबतो आणि वीस मिनिटे मुले धावतात, उड्या मारतात, पायऱ्या चढतात. मुलांना केवळ उचलून उभे करणे म्हणजे थांबणे नव्हे. निघण्याची वेळही दुपारच्या झोपेशी जुळवून घ्यावी. मूल झोपले म्हणून त्याला एकटे ठेवून दोन मिनिटांसाठीही खाली उतरू नये, कारण बंद गाडी फार लवकर तापते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापते.

धागा सुरू करणारी, पुन्हा एकदा

सर्वांचे मनापासून आभार. काल त्याच रस्त्याने परत आलो. दोनदा थांबलो, मी मागे बसले, पिशवी पायाशी ठेवली. मधला पाऊण तास तिने रडून काढलाच, तेव्हा कोणताही उपाय चालला नाही आणि मी केवळ तिच्या पायावर हात ठेवून बोलत राहिले. पण रुमालाचा खेळ चार वेळा झाला. शेवटच्या रुमालात ठेवायला वस्तूच उरली नव्हती, म्हणून मी रिकामाच बांधला. तिने गाठ सोडवली, रुमाल उलटसुलट करून पाहिला, माझ्याकडे पाहिले, मग स्वतःचा एक बूट काढून त्यात ठेवला आणि रुमाल माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, बांध."